एकच टेबल, तीन तऱ्हेचा माल: कोणता कॉलम कोणाचा, हे डेटाबेसला कसं बजावायचं

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत दुकानासाठी आम्ही आवक नोंदवायचं सॉफ्टवेअर केलं होतं. संत्रा, मिरची आणि धान्य, तिन्हींची आवक एकाच टेबलात. एका सकाळी दुकानातून फोन आला. काटोलकडच्या एका शेतकऱ्याच्या संत्र्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर, ‘ओलावा १४ टक्के’ असं छापून आलं होतं आणि त्यापायी वजनात कपातही झाली होती. “ओ भाऊ, संत्र्याले कायचा ओलावा जी? रस आहे ना त्यात, थो मोजून ऱ्हायले का तुमी?” मागे हमाल हसत होते. मी तर्री पोह्यांची प्लेट बाजूला सारून लॅपटॉप उघडला.

चूक सापडायला वेळ लागला नाही. मुनीमजींनी नोंद ‘धान्य’ म्हणून सुरू केली, ओलावा भरला, मग लक्षात आल्यावर वरचा प्रकार बदलून ‘संत्रा’ केला. स्क्रीनवरून ओलाव्याचा चौकोन गायब झाला, टेबलातला आकडा मात्र जागच्या जागी राहिला. पट्टी छापणाऱ्या कोडाला ओलावा दिसला आणि त्याने कपात लावली. मुनीमजींचं काही चुकलं नव्हतं. ओलावा हा कॉलम संत्र्याचा नाहीच, ही गोष्ट आमच्या डोक्यात होती, स्क्रीनवर होती, टेबलात कुठेच नव्हती.

ज्यांनी रेल्स (रुबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) नुकतंच हातात घेतलंय आणि एका टेबलात अनेक प्रकार ठेवायला निघालेत, त्यांच्यासाठी हा लेख. उदाहरणं पोस्टग्रेस या डेटाबेसची आहेत, दुसरा डेटाबेस असेल तर कुठे फरक पडतो ते वाटेत सांगतो. कोडातले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना तुम्ही नेहमीच्या स्पेलिंगने करालच.

मुळात हे आहे काय

सिंगल टेबल इनहेरिटन्स, म्हणजे एसटीआय. एक बेस क्लास, त्याचे दोन-चार सबक्लास, पण टेबल एकच. ओळ कोणत्या क्लासची आहे ते ‘टाइप’ नावाच्या कॉलममध्ये लिहिलेलं असतं. आमच्याकडे बेस क्लास ‘आवक’ आणि सबक्लास ‘संत्राआवक’, ‘मिरचीआवक’, ‘धान्यआवक’. शेतकरी, गाव, तारीख, वजन, भाव हे सगळ्यांना लागतं. बहार (फळ कोणत्या फुलोऱ्याचं ते) आणि कॅरेटची संख्या फक्त संत्र्याला. पोती आणि ओलावा मिरचीला आणि धान्याला. देठासह की बिनदेठ, हे फक्त मिरचीला. काडीकचऱ्याचा टक्का फक्त धान्याला.

आता रेल्सची खोड समजून घ्या. मॉडेलमध्ये कोणते गुणधर्म आहेत हे रेल्स तुम्हाला विचारत नाही, टेबल वाचून स्वतःच ठरवतं. टेबल एकच, म्हणून सगळ्या सबक्लासना सगळे कॉलम मिळतात. संत्राआवकच्या ऑब्जेक्टला ओलावा विचारा, तो ‘निल’ (रुबीतलं ‘काहीच नाही’) देईल, तक्रार करणार नाही. ओलावा १४ द्या, तो घेईल आणि जतनही करेल. पायथॉनमधलं एसक्यूएलअल्केमी किंवा जावातलं हायबरनेट यांच्यात असं नाही. तिथे कॉलम ज्या सबक्लासमध्ये लिहिला त्याच सबक्लासला दिसतो, टेबल एकच असलं तरी. त्यामुळे तिकडून आलेला माणूस रेल्समध्ये हमखास फसतो. मात्र खालच्या टेबलाचा प्रश्न तिकडेही सुटलेला नसतो. डेटाबेसमध्ये थेट शिरणाऱ्याला सगळे कॉलम सारखेच मोकळे असतात.

पायरी १: आधी कागद

संगणक बंद ठेवून एक तक्ता काढा. उभे कॉलम, आडवे प्रकार. प्रत्येक चौकटीत तीनपैकी एकच शब्द: ‘हवाच’, ‘चालेल’, ‘नकोच’.

| | बहार | कॅरेट | पोती | ओलावा | देठ | काडीकचरा |
|---|---|---|---|---|---|---|
| संत्रा | हवाच | हवाच | नकोच | नकोच | नकोच | नकोच |
| मिरची | नकोच | नकोच | हवाच | चालेल | हवाच | नकोच |
| धान्य | नकोच | नकोच | हवाच | हवाच | नकोच | चालेल |

हा तक्ता प्रोग्रॅमरने एकट्याने भरू नये. मिरचीच्या ओलाव्याला मी आधी ‘हवाच’ लिहिलं होतं. मुनीमजी म्हणाले, प्रत्येक ढिगाला मीटर लावत बसलो तर लिलाव दुपारपर्यंत उरकायचा नाही, पुष्कळदा हातात घेऊनच सांगतात. म्हणून ‘चालेल’. अशा गोष्टी स्पेसिफिकेशनमध्ये नसतात, काट्याजवळ उभं राहिलं की कळतात.

तक्त्यात ‘नकोच’ किती भरले ते मोजा. इथे १८ पैकी १० आहेत. हे मला चालतं. टेबल रिकाम्या चौकटींनी फुगतं ही तक्रार पोस्टग्रेसच्या बाबतीत फारशी खरी नाही, कारण नल (डेटाबेसमधली रिकामी चौकट) साठवायला तिथे कॉलममागे एक बिट पुरतो. खरी किंमत माणसाच्या डोक्याला पडते. खास कॉलम सामाईक कॉलमांच्या दुप्पट-तिप्पट व्हायला लागले तर एसटीआय सोडा. त्याबद्दल पुढे बोलतो.

पायरी २: डिफॉल्ट काढून टाका

ही पायरी बहुतेकांची सुटते. मायग्रेशन, म्हणजे टेबलाची रचना बदलणारी फाइल, लिहिताना हात आपोआप ‘डिफॉल्ट: फॉल्स’ आणि ‘डिफॉल्ट: ०’ लिहितो. सामाईक कॉलमला ते ठीक. पण देठ हा बूलियन कॉलम ‘फॉल्स’ डिफॉल्टने ठेवला तर संत्र्याच्या प्रत्येक ओळीत ‘बिनदेठ’ लिहिलं जाईल. काडीकचरा ० ठेवला तर मिरचीच्या ओळीत काडीकचरा ‘शून्य टक्के’ दिसेल, म्हणजे कोणीतरी चाळून पाहिलं असा अर्थ होईल. शून्य ही माहिती आहे. नल म्हणजे हा प्रश्न या मालाला लागूच नाही.

तेव्हा जो कॉलम सगळ्यांचा नाही त्याला डिफॉल्ट नको आणि थेट ‘नॉट नल’ही नको. ‘हवाच’ची सक्ती पायरी ४ मध्ये प्रकारानुसार करू.

‘टाइप’ कॉलमचं नेमकं उलटं. तो नॉट नल करा. रेल्स आपण होऊन हे करत नाही. कोणी बेस क्लासनेच, म्हणजे ‘आवक’ म्हणून, नोंद तयार केली तर टाइप नल राहतो आणि ओळ ना संत्र्याची ना मिरचीची. याचा एक आणखी वाईट परिणाम पायरी ४ मध्ये दिसेल.

पायरी ३: क्लासमध्ये नियम

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक सबक्लासमध्ये परक्या कॉलमांची यादी देऊन ‘व्हॅलिडेट्स … ॲब्सेन्स: ट्रू’ लिहिणं. दोन अडचणी आहेत.

पहिली, हे व्हॅलिडेशन (जतन करण्याआधीची तपासणी) कॉलम ‘प्रेझेंट’ आहे का एवढंच बघतं. रिकामी स्ट्रिंग प्रेझेंट नसते, फॉल्सही नसतो. म्हणजे संत्र्याच्या ओळीत देठ ‘फॉल्स’ असेल तर व्हॅलिडेशन खुशाल पास होतं. शून्य मात्र प्रेझेंट धरलं जातं. एकाच नियमाची तीन वागणी झाली.

दुसरी अडचण, यादी उलट्या बाजूने लिहिली जाते. उद्या धान्याला ‘प्रतवारी’ नावाचा नवा कॉलम आला, की संत्रा आणि मिरची दोघांच्या क्लासमध्ये जाऊन तो परका म्हणून नोंदवायचा. कोणी नोंदवत नाही.

म्हणून उलटं करा. बेस क्लासला सामाईक कॉलम माहीत असू द्या. प्रत्येक सबक्लासने फक्त आपले सांगावेत:

    क्लास संत्राआवक < आवक
      माझे_कॉलम :बहार, :कॅरेट
    एण्ड

    क्लास मिरचीआवक < आवक
      माझे_कॉलम :पोती, :ओलावा, :देठ
    एण्ड

बेस क्लासमधल्या व्हॅलिडेशनचं काम एवढंच: टेबलाच्या सगळ्या कॉलमांतून सामाईक वजा करा, माझे वजा करा, जे उरतील ते परके. प्रत्येक परका कॉलम ‘निल’ आहे का पाहा. ‘ब्लँक’ नाही, ‘निल’च. नसेल तर त्या कॉलमवर एरर लावा. नवा कॉलम आला की तो आपोआप सगळ्यांना परका होतो, जोवर कोणी ‘माझा’ म्हणत नाही तोवर. सामाईक यादीत आयडी, टाइप आणि तयार झाल्याच्या-बदलल्याच्या वेळा विसरू नका, नाहीतर पहिलीच नोंद अडकेल.

हे लिहिताना मी दोनदा ठेच खाल्ली आहे. ‘माझे_कॉलम’ची यादी ‘क्लास_ॲट्रिब्यूट’मध्ये ठेवली आणि तिच्यात ‘<<’ने भर टाकली. त्याने बेस क्लासचाच ॲरे बदलला आणि बहार मिरचीलाही ‘माझा’ झाला. नेहमी ‘+=’ वापरा, म्हणजे त्या क्लासला स्वतःचा नवा ॲरे मिळतो. दुसरी ठेच अशी: परक्या कॉलमांची वजाबाकी मी क्लास लोड होतानाच करत होतो. त्यासाठी टेबल वाचावं लागतं, म्हणजे डेटाबेस चालू हवा. डिप्लॉय करताना ॲसेट तयार करायच्या पायरीला डेटाबेस नव्हता आणि बिल्ड तिथेच पडला. वजाबाकी व्हॅलिडेशनच्या मेथडमध्येच करा, ऐनवेळी.

रिकाम्या स्ट्रिंगचं काय? फॉर्मवरून लपवलेला चौकोन रिकामी स्ट्रिंग पाठवू शकतो. नंबरच्या कॉलमला रेल्स ती निल करून देतं, टेक्स्टच्या कॉलमला नाही. बहार हा टेक्स्ट आहे, तेव्हा व्हॅलिडेशनआधी रिकाम्या स्ट्रिंगचं निल करणारी एक ओळ बेस क्लासमध्ये टाका. रेल्स ७.१ पासून ‘नॉर्मलायझेस’ने हे नीट लिहिता येतं.

काही जण विचारतात, मेथडच का काढून टाकू नये? संत्र्याला ओलावा विचारला की सरळ ‘नो मेथड’ची एरर. मनाला पटणारी कल्पना आहे. पण क्लासच्या अंगात ‘अनडेफ_मेथड’ लिहिलं तर तिथेच नेमएरर येते, कारण कॉलमच्या मेथड रेल्स उशिरा तयार करतं, त्या क्षणी त्या नसतातच. मग मी त्याच नावाची मेथड लिहून तिच्यात एरर फेकली. अर्ध्या तासात पट्टीचा जेसन (दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटा पाठवायचा मजकूर) फुटला, कारण ऑब्जेक्टचा जेसन करताना रेल्स प्रत्येक कॉलमची मेथड हाक मारून बघतं. आणि हे सगळं करूनही ‘अपडेट_कॉलम्स’ने आकडा आत घालता येतोच. ‘इग्नोअर्ड_कॉलम्स’ वापरा असंही कोणी सुचवेल. ते लवकरच काढून टाकायच्या कॉलमसाठी आहे. त्यात सबक्लासचं राजकारण घुसवू नका.

पायरी ४: टेबलाला कुलूप

व्हॅलिडेशन ही दारावरची पाटी आहे, ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ अशी. ‘अपडेट_कॉलम्स’, ‘अपडेट_ऑल’, ‘इन्सर्ट_ऑल’ पाटी न वाचता आत जातात. एक्सेलमधून माल चढवणारी स्क्रिप्टही जाते. रात्री ११ ला थेट डेटाबेस उघडून ‘एकच आकडा नीट करतो’ म्हणणारा तर सगळ्यात आधी जातो, आणि तो बहुधा मीच असतो. कुलूप टेबलालाच लावायचं. त्याचं नाव चेक कन्स्ट्रेंट.

रेल्स ६.१ पासून मायग्रेशनमध्ये ‘ॲड_चेक_कन्स्ट्रेंट’ मिळतं आणि ते स्कीमा फाइलमध्येही उतरतं. ओलाव्याचा नियम असा:

    चेक ( टाइप इन ('मिरचीआवक', 'धान्यआवक')
          ऑर ओलावा इझ नल )

वाचायचं असं: एक तर माल मिरची किंवा धान्य असावा, नाहीतर ओलावा रिकामा असावा. तक्त्यातल्या प्रत्येक खास कॉलमसाठी असा एक नियम. एकाच मोठ्या नियमात सगळं कोंबू नका. नियम मोडला की डेटाबेस नियमाचं नाव सांगतो. ‘ओलावा_फक्त_मिरची_धान्य’ असं नाव वाचून चूक कुठे आहे ते कळतं, ‘आवक_नियम_१’ वाचून डोकं खाजवावं लागतं.

आता नलची गंमत. चेकचं उत्तर ‘फॉल्स’ आलं तरच डेटाबेस ओळ नाकारतो. ‘ट्रू’ आलं तर घेतो, आणि ‘माहीत नाही’ आलं तरीही घेतो. एसक्यूएलमध्ये नलशी तुलना केली की उत्तर ‘माहीत नाही’ येतं. समजा टाइप नल आहे आणि ओलावा १४ आहे. ‘टाइप या दोघांत आहे का?’ उत्तर: माहीत नाही. ‘ओलावा नल आहे का?’ उत्तर: नाही. ‘माहीत नाही किंवा नाही’ याचं उत्तर पुन्हा ‘माहीत नाही’. ओळ आत. पायरी २ मध्ये टाइप नॉट नल करायचा आग्रह होता तो याचसाठी. टाइप उघडा असेल तर हे सगळे नियम चाळणी होतात.

‘हवाच’च्या बाजूलाही हीच गोम आहे. संत्र्याला बहार हवाच, आणि तो आंबिया किंवा मृग यांपैकीच. सहज हात असं लिहितो:

    चेक ( टाइप <> 'संत्राआवक'
          ऑर बहार इन ('आंबिया', 'मृग') )

दिसायला चोख आहे. पण बहार नल असलेली संत्र्याची ओळ यातून निसटते. आधी ‘नाही’, मग ‘माहीत नाही’, एकूण ‘माहीत नाही’. बरोबर नियम असा:

    चेक ( टाइप <> 'संत्राआवक'
          ऑर ( बहार इझ नॉट नल
               ॲण्ड बहार इन ('आंबिया', 'मृग') ) )

नियम लिहिला की लगेच कन्सोलवर तीन ओळी घालून पाहा: एक बरोबर, एक चुकीच्या आकड्याची, एक नलची. तिसरी चाचणी केली नाही तर दुसरीचा फारसा उपयोग नाही.

शेवटचा नियम टाइपचाच: त्यात ठरलेल्या तीन नावांपैकीच एक असावं. क्लासचं नाव पुढे कोणी बदललं तर जुन्या ओळी वाचताना रेल्स ‘सबक्लास नॉट फाउंड’ म्हणून थांबतं. हा नियम असला की नाव बदलणाऱ्याला मायग्रेशन लिहावंच लागतं आणि जुन्या ओळींचा विचार तिथेच होतो.

मायएसक्यूएल वापरत असाल तर आवृत्ती बघा. ८.०.१६ च्या आधीचं मायएसक्यूएल चेक कन्स्ट्रेंट वाचून घेतं, हूं की चूं करत नाही आणि लागूही करत नाही. ८.०.१६ २०१९ मध्ये आलं, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर हे अजून सापडतं. मारियाडीबीत १०.२.१ पासून लागू होतात. एसक्यूलाइटमध्ये चालतात, पण बऱ्याच आवृत्त्यांत तयार टेबलाला नंतर जोडता येत नाहीत. टेबल नव्याने बांधून डेटा हलवावा लागतो, रेल्स ते पडद्यामागे करतं.

पायरी ५: जुना डेटा

टेबल नवं असेल तर ही पायरी सोडा. चालू दुकानाचं असेल तर नियम लावायला गेलात की पहिलंच उत्तर ‘आधीच्या ओळी नियम मोडतात’ असं येईल. कोणत्या, ते आधी बघा. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. एसक्यूएलमध्ये ‘काउंट(ओलावा)’ फक्त नल नसलेल्या ओळी मोजतो. म्हणून ‘ग्रुप बाय टाइप’ करून प्रत्येक खास कॉलमचा काउंट मागा. उत्तर म्हणजे पायरी १ चाच तक्ता, पण खऱ्या डेटाने भरलेला. नमुन्यादाखल:

| टाइप | एकूण | बहार | कॅरेट | पोती | ओलावा |
|---|---|---|---|---|---|
| संत्राआवक | ४१२ | ४०९ | ४१२ | ७ | ७ |
| मिरचीआवक | २३० | ० | ० | २३० | ९६ |
| धान्यआवक | ५६८ | ० | ० | ५६८ | ५६८ |

कागदाशेजारी ठेवला की बोट आपोआप चुकीच्या चौकटीवर जातं. संत्र्याच्या ७ ओळींत ओलावा, ३ ओळींत बहार नाही.

आता सात ओळींतला ओलावा डोळे मिटून पुसू नका. कदाचित ओलावा बरोबर असेल आणि प्रकारच चुकला असेल. त्या ओळींचा आयडी आणि सगळे आकडे आधी वेगळ्या टेबलात उतरवून ठेवा, मग दुकानातलं कागदी रजिस्टर काढून मिळवा. आम्ही मिळवलं तेव्हा दोन ओळी खरोखर तुरीच्या निघाल्या. त्यांना संत्रा कोणी केलं ते आजतागायत कळलेलं नाही, मीही फार विचारलं नाही. बहार राहिलेल्या ओळी तारखेवरून सोडवता येतात असं वाटतं, कारण आंबियाचा माल हिवाळ्याच्या तोंडाशी येतो आणि मृगाचा फेब्रुवारीनंतर. पण मधल्या दिवसांतली आवक विचारूनच भरा.

मोठ्या टेबलावर नियम लावताना पोस्टग्रेसमध्ये दोन टप्पे करा. आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून जोडा. नव्या आणि बदललेल्या ओळींना तो लगेच लागू होतो, जुन्या तपासल्या जात नाहीत. साफसफाई झाली की ‘व्हॅलिडेट’ करा. त्या वेळी टेबल वाचलं जातं, पण नोंदी थांबत नाहीत. रेल्समध्ये पहिल्यासाठी ‘व्हॅलिडेट: फॉल्स’, दुसऱ्यासाठी ‘व्हॅलिडेट_चेक_कन्स्ट्रेंट’. दोन्ही वेगळ्या मायग्रेशनमध्ये ठेवा. आणि सकाळी लिलाव चालू असताना यातलं काहीही करू नका, दुपारी तीननंतर काटा थांबला की करा.

पायरी ६: प्रकार बदलणं

आमच्या संत्र्याला ओलावा लागला तो इथेच. फॉर्मवर प्रकाराचा ड्रॉपडाऊन होता आणि कंट्रोलरच्या ‘परमिट’ यादीत, म्हणजे फॉर्मवरून काय आत घ्यायचं त्या यादीत, टाइप होता. सुधारणेच्या फॉर्ममधून टाइप काढून टाका, एवढ्याने निम्मा त्रास संपतो. परमिट यादीही ‘सामाईक अधिक माझे’ यातूनच बनवा, म्हणजे संत्र्याच्या फॉर्मवरून ओलावा आलाच तरी गाळला जाईल. यादी एकदाच लिहिलेली आहे, तीच तिन्ही ठिकाणी वापरा: व्हॅलिडेशन, परमिट आणि जेसन. जेसनचं विसरू नका. मिरचीच्या ओळीतून ‘बहार: नल’ बाहेर गेलं की मोबाइल ॲप लिहिणारा कधीतरी विचारणारच, मिरचीचा बहार कुठून आणू?

प्रकार बदलावाच लागला तर रेल्सचं ‘बिकम्स!’ आहे. ते नव्या क्लासचा ऑब्जेक्ट देतं, टाइपही बदलतं, पण बाकीचे आकडे जसेच्या तसे ठेवतं. परके कॉलम निल करणं तुमच्याकडे. मी मात्र दुकानात वेगळी सोय केली. जुनी नोंद रद्द, नवी नोंद चालू, आणि नव्या नोंदीवर जुनीचा क्रमांक. वहीत मुनीमजी हेच करत आले आहेत. चुकलेल्या ओळीवर आडवी रेघ मारतात आणि खाली नवी लिहितात, खाडाखोड करत नाहीत. त्यांना हे समजावून सांगायला मला एक मिनिटही लागलं नाही.

चाचण्या

तक्त्यातल्या प्रत्येक ‘नकोच’साठी दोन चाचण्या हव्यात. एक, मॉडेल ‘व्हॅलिड’ नाही म्हणतं का. दोन, व्हॅलिडेशन टाळून ‘अपडेट_कॉलम्स’ने आकडा घातला तर डेटाबेस ‘स्टेटमेंट इनव्हॅलिड’ फेकतो का. हाताने वीस चाचण्या लिहू नका, तक्ता हॅशमध्ये ठेवा आणि त्यावर लूप फिरवा. चाचण्यांचा डेटाबेसही पोस्टग्रेसच असू द्या. लॅपटॉपवर एसक्यूलाइट आणि सर्व्हरवर पोस्टग्रेस असेल तर कुलूप एका दाराचं आणि चाचणी दुसऱ्या दाराची होते.

एसटीआय नकोच असेल तर

खास कॉलम फार असतील तर तीन वाटा आहेत. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र टेबल, हे सरळ आहे, पण ‘आजची एकूण आवक’ काढताना सगळी टेबलं जोडावी लागतात. दुसरी वाट रेल्स ६.१ मध्ये आलेलं ‘डेलिगेटेड टाइप’: सामाईक कॉलम एका टेबलात, खास कॉलम ज्याच्या त्याच्या टेबलात. परका कॉलम असण्याची शक्यताच उरत नाही. आज नव्याने सुरुवात केली असती तर पाचव्या-सहाव्या प्रकाराला मी इकडेच वळलो असतो.

तिसरी वाट पुष्कळांना आवडते, मला कमी. खास गुणधर्म एका जेसनबी कॉलममध्ये आणि प्रत्येक सबक्लासमध्ये ‘स्टोअर_ॲक्सेसर’. मेथड फक्त त्या सबक्लासला मिळते, म्हणजे ज्याची हौस होती ते झालं. पण फॉर्मवरून आलेला १४ तिथे स्ट्रिंग म्हणून बसतो, चेक लिहायला जास्त कटकट होते, आणि ‘सरासरी ओलावा’ काढताना दर वेळी आकड्यात रूपांतर करावं लागतं. ज्याच्यावर हिशेब होत नाही अशा शेऱ्याबिऱ्यासाठी ठीक. कपातीचा आकडा मी तिथे ठेवणार नाही.

चौथा माल आला की

काही महिन्यांनी दुकानात मोसंबीही घ्यायचं ठरलं. मोसंबीलाही बहार आणि कॅरेट हवेत, म्हणून आमच्यातल्या एकाने मध्ये ‘फळआवक’ असा क्लास काढला आणि संत्रा-मोसंबी दोघांना त्याच्या खाली ठेवलं. कोड छान दिसत होता. पण लॅपटॉपवर फळआवकची यादी मागितली की मोसंबी कधी दिसायची, कधी नाही. डेव्हलपमेंटमध्ये रेल्स क्लास लागेल तेव्हा लोड करतं. मधल्या क्लासवर क्वेरी करताना त्याला जेवढे सबक्लास माहीत झालेत तेवढीच नावं तो टाइपच्या अटीत घालतो. मोसंबीची फाइल अजून उघडली नसेल तर मोसंबी यादीत नाही. बेस क्लासवर क्वेरी केली तर टाइपची अटच नसते, म्हणून तिथे हे होत नाही. मधला क्लास ठेवायचाच असेल तर त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली सुरुवातीलाच लोड करून घ्या. आम्ही मधला क्लास काढून टाकला आणि बहार-कॅरेटची यादी दोन ठिकाणी लिहिली. दोन ओळींच्या पुनरुक्तीला मी घाबरत नाही.

मायग्रेशन मात्र आम्ही विसरलो. पहिल्या दिवशी पहिली गाडी उतरली आणि फोन आला: “भाऊ, मोसंबी घेऊनच नाही ऱ्हायलं जी तुमचं मशीन.” टाइपच्या नियमात तीनच नावं होती. बहार आणि कॅरेटचे नियमही संत्र्यापुरतेच होते. जुने नियम काढणं आणि नवे लावणं एकाच मायग्रेशनमध्ये लिहिलं, कारण पोस्टग्रेसमध्ये ते एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होतं आणि मधल्या क्षणी टेबल उघडं राहत नाही. मायएसक्यूएलमध्ये ही सोय नाही, तिथे आधी नवा नियम वेगळ्या नावाने लावता येत नसेल तर काटा थांबवूनच करावं लागतं. आमचं दहा मिनिटांत झालं. तोवर मुनीमजींनी मोसंबीचे चाळीस कॅरेट वहीत लिहून ठेवले होते.